परीक्षेची फूटपट्टी किती अचूक?

सत्र संपत आले की शाळेच्या सूचनाफलकावर कागदांची गर्दी होते. सत्रपरीक्षेचा निकाल, शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांचे वेळापत्रक, आठवीच्या एनएमएमएस परीक्षेची सूचना, सुट्टीत होणाऱ्या सराव चाचण्यांच्या तारखा. या सगळ्या कागदांत विद्यार्थ्यांची नजर प्रथम जाते ती निकालाकडे, आणि निकाल म्हणजे तरी काय, तर नावापुढे लिहिलेला एक आकडा. कोणाला ६८, कोणाला ७२. घरी विचारला जातो तोही हा आकडाच.

आता प्रयोगशाळेत तुम्ही काय करता ते आठवा. फूटपट्टीने पेन्सिलची लांबी मोजलीत, ती ७.२ सेंटिमीटर आली. शिक्षक लगेच विचारतात, "फूटपट्टीचे लघुतम माप किती? शून्यत्रुटी पाहिली का? मापन किती वेळा केले?" मग वहीत आपण ७.२ ± ०.१ सेंटिमीटर असे लिहितो. म्हणजे खरी लांबी ७.१ ते ७.३ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, एवढेच आपण छातीठोकपणे सांगू शकतो. मोजमाप आले की त्रुटी आलीच, हा भौतिकशास्त्राचा पहिला धडा.

परीक्षा हेही एक मोजमापच आहे. तिच्यात मोजायची वस्तू म्हणजे विद्यार्थ्याचे ज्ञान, आणि प्रश्नपत्रिका ही फूटपट्टी. मग गुणपत्रिकेत ७२ च्या पुढे ± हे चिन्ह का बरे नसते? ते असते तर त्याच्यापुढे कोणता आकडा लिहावा लागला असता? आणि हे कळल्याने परीक्षेच्या तयारीत काही फरक पडतो का? या लेखात आपण हेच पाहणार आहोत.

प्रमाणित चाचणी कशाला?

दोन दुकानांत दोन वेगवेगळ्या लांबीचे 'मीटर' असतील तर कापडाच्या भावाची तुलना करता येणार नाही. म्हणून प्रमाणित मीटर लागतो. परीक्षेचेही तसेच आहे. सर्वांना सारखेच किंवा समान काठिण्याचे प्रश्न, सारखाच वेळ, सारख्याच सूचना आणि उत्तरे तपासण्याची एकच रीत, अशी जी चाचणी असते तिला प्रमाणित चाचणी म्हणतात. शिष्यवृत्ती, एनएमएमएस, पुढे बारावीनंतरच्या सीईटी, जेईई आणि नीट या सर्व परीक्षा याच जातीच्या.

अशा चाचण्यांची गरज का भासली? अमेरिकेत १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि एलियट या दोघांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. एकाच विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून त्यांनी शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. उत्तरपत्रिका तीच, पण मिळालेल्या गुणांत तीस-चाळीस गुणांचा फरक पडला! 'भाषेचा विषय, असे व्हायचेच' असे कोणी म्हणेल. म्हणून त्यांनी पुढे भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिला तर एका शिक्षकाने २८ गुण दिले, तर दुसऱ्या टोकाला ९० च्या पुढे गुण देणारेही निघाले. कोणी पायऱ्यांना गुण दिले, कोणी फक्त अंतिम उत्तराला. कोणी अक्षरासाठी गुण कापले. येथे फूटपट्टी तपासनिसाबरोबर बदलत होती.

यावर उपाय म्हणून कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी तयार केली, की जिच्यातील प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर एकच असेल आणि तपासणारा कोणीही असला तरी गुण तेवढेच पडतील. आज आपण ज्यांना बहुपर्यायी प्रश्न म्हणतो त्यांचा उगम असा झाला. तपासनिसामुळे येणारी त्रुटी अशा रीतीने गेली. पण लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या कोणी, हा प्रश्न उरलाच.

पेन्सिलच्या खुणेतून वाहणारा प्रवाह

तो प्रश्न सोडवला एका शाळेतील विज्ञानशिक्षकाने. मिशिगन राज्यातील रेनॉल्ड जॉन्सन हे त्यांचे नाव. लहानपणी जॉन्सन यांनी एक खोडी केली होती असे सांगतात. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवीत आणि मग त्या मोटारी काही केल्या सुरू होत नसत. कारण उघड आहे. पेन्सिलच्या 'शिशा'त शिसे मुळीच नसते. ते असते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे विद्युतवाहक रूप. ठिणगी पाडणारी वीज त्या रेघेतून परस्पर निसटून जाई.

हीच गोष्ट जॉन्सन यांनी पुढे उत्तरपत्रिका तपासण्यासाठी वापरली. विद्यार्थ्याने योग्य जागी पेन्सिलने खूण केली असेल तर तिच्यातून विद्युतप्रवाह वाहील. खूण नसेल तर कागद प्रवाह वाहू देणार नाही. सर्व बरोबर उत्तरांच्या जागांतून वाहणाऱ्या प्रवाहांची बेरीज यंत्रावरील एका काट्याने दाखवली की तेच गुण! आयबीएम कंपनीने १९३४ मध्ये जॉन्सन यांना नोकरीवर घेतले आणि १९३८ मध्ये हे यंत्र बाजारात आले.

कल्पना सोपी, पण तिच्यात एक मोठी अडचण होती. कोणी पेन्सिल दाबून चालवतो, कोणी हलक्या हाताने. गडद खुणेचा रोध कमी, फिकट खुणेचा जास्त. समजा, गडद खुणेचा रोध २,००० ओहम आणि फिकट खुणेचा १०,००० ओहम आहे आणि विद्युतदाब १० व्होल्ट आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे पहिल्या खुणेतून ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहील, तर दुसरीतून अवघा १ मिलिअँपिअर. म्हणजे दाबून लिहिणाऱ्याला एका उत्तराचे पाच गुण आणि हलक्या हाताच्या मुलाला एकच!

यावर जॉन्सन यांनी केलेली युक्ती दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. प्रत्येक खुणेच्या मार्गात त्यांनी एकसर जोडणीने फार मोठा रोध घातला. आपल्या उदाहरणात तो १० लाख ओहम धरू. आता एका मार्गाचा एकूण रोध १०,०२,००० ओहम आणि दुसऱ्याचा १०,१०,००० ओहम. प्रवाह किती? पहिला सुमारे ९.९८ मायक्रोअँपिअर आणि दुसरा सुमारे ९.९० मायक्रोअँपिअर. पाचपटीचा फरक एक टक्क्याच्याही आत आला. पेन्सिल कशी दाबली याला आता महत्त्व उरले नाही. खूण आहे की नाही, एवढेच यंत्र मोजू लागले.

चांगल्या मापनयंत्राचे लक्षण हेच. जे मोजायचे ते मोजावे, आणि जे मोजायचे नाही त्याचा परिणाम शक्य तेवढा दाबून टाकावा. पुढे १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील लिंडक्विस्ट यांनी विजेऐवजी प्रकाशाने खुणा वाचणारे यंत्र बनवले. आजची ओएमआर पत्रिका त्याच वंशातली. कोऱ्या वर्तुळावरून प्रकाश जास्त परत येतो, भरलेल्या काळ्या वर्तुळावरून कमी, आणि हा फरक यंत्र ओळखते. म्हणूनच वर्तुळ अर्धवट भरू नये, खाडाखोड करू नये, पत्रिका चुरगळू नये अशा सूचना असतात. त्या निव्वळ शिस्तीच्या सूचना नाहीत, त्यांच्यामागे प्रकाशाच्या परावर्तनाचे भौतिकशास्त्र आहे. जॉन्सन यांनीही पुढे आणखी एक मोठे काम केले. १९५६ मध्ये आलेल्या पहिल्या संगणकीय चुंबकीय तबकडी-साठ्याच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

तपासनीस गेला, तरी त्रुटी उरलीच

यंत्राने तपासले म्हणजे गुण अगदी अचूक झाले, असे तुम्हाला वाटेल. पण तसे नाही. अभ्यासक्रमावर हजारो प्रश्न विचारता येतात आणि प्रश्नपत्रिकेत त्यांतले शंभरच असतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आणि शिते कोणती हाती लागली, यावर निकाल थोडाफार अवलंबून राहणारच.

समजा, एका विद्यार्थिनीला अभ्यासक्रमातील बरोबर ७० टक्के प्रश्न सोडवता येतात. तिला १०० प्रश्नांची चाचणी दिली तर ७० गुण पडायला हवेत. पण एका प्रश्नपत्रिकेत तिला येणारे प्रश्न जरा जास्त येतील, दुसरीत जरा कमी. हा चढउतार किती असेल, हे संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. प्रश्नांची संख्या, प्रश्न येण्याची संभाव्यता (०.७) आणि न येण्याची संभाव्यता (०.३) यांचा गुणाकार करा आणि त्याचे वर्गमूळ घ्या. येथे १०० × ०.७ × ०.३ = २१, आणि २१ चे वर्गमूळ सुमारे ४.६. म्हणजे या मुलीला साधारणपणे तीनपैकी दोन वेळा ६५ ते ७५ यांच्या दरम्यान गुण पडतील आणि एखादे वेळी त्याच्याही बाहेर.

तेव्हा सूचनाफलकावरील त्या ६८ आणि ७२ यांच्याकडे पुन्हा पाहा. ६८ ± ४.६ आणि ७२ ± ४.६ असे लिहिले तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. या एका चाचणीवरून पहिला कच्चा आणि दुसरी पक्की, असे विज्ञानाच्या कसोटीवर मुळीच म्हणता येत नाही. ४१ आणि ७२ यांच्यातील फरक मात्र खरा समजावा.

चाचणी लहान असेल तर त्रुटी आणखी वाढते. २५ प्रश्नांच्या घटकचाचणीत हाच हिशेब केला तर २५ × ०.७ × ०.३ = ५.२५ आणि वर्गमूळ सुमारे २.३ प्रश्न, म्हणजे ९ टक्क्यांहून अधिक! प्रश्न चौपट केले की टक्क्यांतील त्रुटी निम्मी होते. प्रयोगशाळेत एकच वाचन न घेता अनेक वाचने घेऊन सरासरी का काढायची, याचेही कारण हेच. म्हणून एका सराव चाचणीत गुण घसरले तर हाय खाऊ नये, आणि एकात वाढले तर हवेतही तरंगू नये. पाच-सहा चाचण्यांचा आलेख काढा आणि रेषा कोणीकडे जाते ते पाहा.

निवडीच्या वेळी मात्र कोठेतरी रेघ मारावीच लागते. जागा शंभर असतील तर शंभरावा आत आणि एकशे एकावा बाहेर. तो एक गुण प्रवेशासाठी मोलाचा असतो हे खरेच. पण त्या दोघांच्या ज्ञानात तेवढे अंतर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

टक्के आणि शततमक

मोठ्या परीक्षांच्या निकालात आणखी एक शब्द येतो, पर्सेंटाइल, म्हणजेच शततमक. याच्याविषयी विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर पालकांच्या मनातही मोठा गोंधळ असतो. ९० शततमक म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे परीक्षार्थी शंभरात ९० आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

याची गरज अशी पडते. परीक्षार्थी लाखो असले की संगणकावरील परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. समजा, सकाळच्या सत्राला ५०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील ४५,००० विद्यार्थ्यांना १२० किंवा त्याहून कमी गुण मिळाले. तर १२० गुणांचा शततमक ९०. दुपारची प्रश्नपत्रिका अवघड निघाली. तेथेही ५०,००० विद्यार्थी होते, पण ४५,००० जण १०५ किंवा त्याखालीच राहिले. तर दुपारच्या १०५ गुणांचा शततमकही ९०. सकाळचे १२० आणि दुपारचे १०५ सारखेच धरले जातात. जेईई मेन आणि महाराष्ट्राची सीईटी यांत २०१९ पासून ही रीत वापरली गेली. तिच्यामागे एक गृहीतक आहे. विद्यार्थ्यांची दोन्ही सत्रांत विभागणी कोणताही क्रम न लावता केलेली असल्यामुळे दोन्ही गट सरासरीने सारखेच हुशार आहेत, असे ते गृहीतक. गट मोठे असले की ते बऱ्याच अंशी खरे ठरते.

शततमकाचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवा. पहिला असा, की तो तुमची जागा सांगतो, तुमचे ज्ञान सांगत नाही. प्रश्नपत्रिका सोपी असेल तर ८० टक्के गुण मिळवूनही शततमक ५० च्या खाली जाऊ शकतो. दुसरा असा, की त्याच्या पायऱ्या सारख्या नसतात. मधल्या गुणांवर विद्यार्थ्यांची दाटी असते, म्हणून तेथे दोन-चार गुणांनी शततमक भराभर चढतो. वरच्या टोकाला विद्यार्थी विरळ असतात. तेथे शततमकाची एक पायरी चढायलाही बरेच गुण लागतात.

अंदाजाचे गणित

आता विद्यार्थी नेहमी विचारतात तो प्रश्न घेऊ. उत्तर येत नसेल तर ठोकून द्यावे की सोडून द्यावे? याचे उत्तर चाचणीच्या नियमांवर अवलंबून आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही. नीट परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा.

या दुसऱ्या नियमाचा हिशेब करू. चार पर्यायांतील एक डोळे मिटून निवडला तर तो बरोबर असण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. सरासरी लाभ = (१/४ × ४) − (३/४ × १) = ०.२५ गुण. तो अगदी थोडा आहे, पण चढउतार मोठा आहे. असे २० प्रश्न ठोकले तर सरासरीने ५ गुण मिळतील, परंतु त्यांतील चढउतार सुमारे १० गुणांचा आहे. म्हणजे उणे ५ ते अधिक १५ यांच्या दरम्यान काहीही पदरात पडू शकते.

पण एक पर्याय चुकीचा आहे हे तुम्हाला खात्रीने ठाऊक असेल तर? उरलेल्या तिनांत सरासरी लाभ सुमारे ०.६७ गुण. दोन पर्याय खोडता आले तर १.५ गुण. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही येथे किंमत आहे, आणि ती ज्ञानाच्या प्रमाणात वाढते.

पर्याय खोडायचे कसे? एक उदाहरण पाहा. साध्या लंबकाच्या आवर्तनकालाचे सूत्र विचारले आहे आणि पर्याय चार: (अ) २π गुणिले लांबी भागिले गुरुत्वत्वरण, (ब) २π गुणिले त्याच भागाकाराचे वर्गमूळ, (क) २π गुणिले गुरुत्वत्वरण भागिले लांबी याचे वर्गमूळ, (ड) २π गुणिले लांबी व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. सूत्र विसरलात तरी एकके तपासा. लांबी मीटरमध्ये, गुरुत्वत्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग. (अ) चे एकक येते सेकंदाचा वर्ग, (क) चे १ भागिले सेकंद, (ड) चे मीटर प्रति सेकंद. फक्त (ब) चे एकक सेकंद येते. आवर्तनकाल सेकंदातच हवा. तीन पर्याय खोडले गेले आणि उत्तर हाती आले. याला कोणी युक्ती म्हणेल, पण खरे तर हे भौतिकशास्त्रच आहे.

उलट, नुसत्या 'वाटण्या'वर भिस्त ठेवू नका. चांगला प्रश्न तयार करणारा चुकीचे पर्याय मनाला येतील तसे लिहीत नाही. विद्यार्थी नेहमी ज्या चुका करतात त्यांतूनच ते निवडतो. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? पर्यायांत 'शून्य' हमखास असते. कारण तेथे वेग शून्य होतो आणि घाईत आपण वेग आणि त्वरण यांची गल्लत करतो. प्रत्यक्षात त्वरण तेथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच असते. ते शून्य असते तर चेंडू वरच लटकून राहिला असता! म्हणून सराव करताना बरोबर उत्तरापाशी थांबू नका. उरलेल्या प्रत्येक पर्यायापुढे लिहा, 'कोणत्या चुकीमुळे हे उत्तर येईल?' एका प्रश्नातून चार धडे मिळतात.

सुट्टीत अभ्यास कसा करावा?

तयारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे. हा मार्ग कितपत उपयोगी पडतो, हेही प्रयोगाने तपासलेले आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी काही उतारे वाचले. मग काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही मिटून ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतील ८१ टक्के मजकूर आठवला, लिहून काढलेल्यांतील ७५ टक्के. म्हणजे वाचनच सरस! पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचलेल्यांतील ४२ टक्केच उरला होता, आणि आठवून लिहिलेल्यांतील ५६ टक्के.

याचा अर्थ असा, की चाचणी ही फक्त मोजण्याची वस्तू नाही. ती शिकण्याचेही साधन आहे. फूटपट्टी लावल्याने पेन्सिल लांब होत नाही, पण चाचणी दिल्याने ज्ञान पक्के होते. तेव्हा सुट्टीत तीन गोष्टी करा. एक, धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि एका पानावर आठवेल ते लिहा, मगच पडताळा. दोन, तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी असाच तपासा. तीन, सत्रपरीक्षेची उत्तरपत्रिका काढून चुकांची तीन खाती करा: मुळातच न येणारे, चुकीचे समजलेले आणि येत असून घाईने चुकलेले. पहिल्याला वाचन हवे, दुसऱ्याला शिक्षकांशी चर्चा आणि तिसऱ्याला वेळ लावून सराव. सगळ्या चुकांवर एकच औषध चालत नाही.

वेळेचा सराव का हवा ते आकड्यांवरूनच पाहा. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. परंतु घड्याळ लावायचे ते विषय समजल्यानंतर. न समजलेला धडा वेगाने सोडवण्याचा सराव म्हणजे चुका वेगाने करण्याचा सराव होय.

शिक्षकांसाठी थोडेसे

विद्यार्थ्यांचे मोजमाप झाले, पण फूटपट्टीची तपासणी कोणी करायची? सत्रपरीक्षा संपल्यावर तासाभरात करता येण्याजोगे हे काम आहे. वर्गात ४० विद्यार्थी असतील तर गुणानुक्रमे पहिले ११ आणि शेवटचे ११ यांच्या उत्तरपत्रिका बाजूला काढा. (सुमारे २७ टक्क्यांचे गट घेण्याचा प्रघात आहे.) समजा, सातव्या प्रश्नाचे उत्तर वरच्या गटात १० जणांनी आणि खालच्या गटात तिघांनी बरोबर दिले. २२ पैकी १३ बरोबर, म्हणून काठिण्यमूल्य ०.५९, हा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रश्न सोपा. दोन्ही गटांतील फरक ७, त्याला ११ ने भागले की भेदनमूल्य ०.६४. प्रश्न उत्तम आहे. ज्याला येते आणि ज्याला येत नाही, त्यांना तो वेगळे करतो.

बाराव्या प्रश्नाला मात्र वरच्या गटातील चौघांनी आणि खालच्या गटातील सहा जणांनी बरोबर उत्तर दिले. भेदनमूल्य उणे ०.१८! प्रश्न काढून पाहिला तर तो असा: 'सामान्य वातावरणीय दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू किती?' पर्यायांत १०० अंश सेल्सिअस आहे आणि २१२ अंश फॅरनहाइटही आहे. दोन्ही बरोबर! जाणणारा विद्यार्थी दोहोंत अडकला आणि न जाणणाऱ्याने ओळखीचा आकडा उचलला. अशा प्रश्नाचे गुण सर्वांना द्यावेत आणि प्रश्न पुढच्या वेळी दुरुस्त करावा. चूक विद्यार्थ्यांची नव्हे, फूटपट्टीची होती.

करून पाहा

वर्गातील चाळीस जणांनी मिळून करायचा हा प्रयोग आहे. शिक्षकांनी २० प्रश्नांची उत्तरसूची मनाला येईल तशी अ, ब, क, ड अशी अक्षरे लिहून बनवावी आणि लपवून ठेवावी. प्रश्न नाहीतच! प्रत्येक विद्यार्थ्याने एक रुपयाचे आणि दोन रुपयांचे अशी दोन नाणी वीस वेळा उडवावी. दोन्ही छापे आले तर अ, एक रुपयाचा छापा व दोन रुपयांचा काटा आला तर ब, उलट आले तर क आणि दोन्ही काटे आले तर ड असे लिहावे. मग उत्तरसूची उघड करून बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला उणे १ गुण द्यावा आणि गुणांचा स्तंभालेख फळ्यावर काढावा.

सरासरी ५ च्या आसपास येईल. पण दर वर्गात साधारण चार विद्यार्थी २० किंवा त्याहून अधिक गुण मिळवतील आणि जवळजवळ तितकेच उणे १० किंवा त्याखाली जातील. पहिल्या चौघांचे पेढे वाटून अभिनंदन करण्यापूर्वी आणि शेवटच्या चौघांच्या पालकांना बोलावण्यापूर्वी वर्गाला एकच प्रश्न विचारा: या दोन गटांच्या अभ्यासात नेमका कोणता फरक होता?